पेन्सिलीतला शेरा

तिच्या चपलांना टाचेखाली लोखंडी नाल ठोकलेली होती. दवाखान्याच्या फरशीवर ती चालायला लागली की टक-टक, टक-टक असा आवाज चार वॉर्ड पलीकडे ऐकू जायचा. नर्सेसना रबरी तळव्याचे बूट सक्तीचे. डॉक्टरही हळू चालायचे. आणि ही बाई, जिचं काम दुखणेकऱ्यांना धीर द्यायचं, ती टांग्याच्या घोड्यासारखी यायची. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या नम्रपणे तिला सुचवलं, की अक्का, चपला बदलल्यात तर पेशंटची झोपमोड होणार नाही.

"झोपमोड नाही होत," ती म्हणाली. "मी येतेय हे कळलं की ज्याला मी नको असते तो झोपेचं सोंग घेतो. त्याला तेवढा वेळ मिळाला पाहिजे ना!"

मी हसले. मला तो विनोद वाटला. मला तेव्हा बऱ्याच गोष्टी विनोद वाटायच्या, आणि स्वतःचं बोलणं तेवढं गंभीर वाटायचं.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची तरुणी होते. आज सदुसष्टाव्या वर्षी मागे वळून बघते तेव्हा त्या तरुणीचे कान उपटावेसे वाटतात. माझं माहेर बोदवडचं, घर स्टेशनला लागून. गाडी आली की तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचं हे आम्हां भावंडांना पाळण्यापासून ठाऊक. पुढे जळगावात शाळेत मराठी शिकवलं, वक्तृत्वाच्या ढाली आणल्या, चर्चच्या महिला मंडळात प्रार्थना केल्या. माझी प्रार्थना आहे असं कळलं की बायका घरचा गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून यायच्या.

मग माझे मिस्टर आजारी पडले. अकरा दिवस दवाखान्यात होते, तिथून घरी आलेच नाहीत. त्या अकरा दिवसांत आमचे पाळक रोज यायचे, उभ्याउभ्या वचन वाचायचे, प्रार्थना करायचे. ते गेले की मिस्टर एक डोळा उघडून विचारायचे, "गेले का?"

यातून शहाण्या बाईनं काय बोध घ्यावा? मी घेतला तो असा, की पाळकांना नीट बोलता येत नव्हतं. मी असते तर किती छान बोलले असते! म्हणून मी शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ईश्वरविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. मला चॅप्लिन व्हायचं होतं. चॅप्लिन म्हणजे चर्चमधला नव्हे, दवाखान्यातला पाळक. चर्चच्या बाकांऐवजी खाटांमधून फिरणारा. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक काही म्हणायच्या आत मीच बोलायला लागेन. तू काळजी करू नकोस."

दोन वर्षं जळगावात शनिवार-रविवारचे वर्ग. जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, सगळ्यात मी पहिली. उरलं होतं फक्त दवाखान्यातलं प्रात्यक्षिक, तेही धुळ्याला. तीन संधी मिळायच्या. तिन्हींत नापास झालं की पदवी नाही, मागची दोन वर्षं पाण्यात. मी तर एकीतच उरकणार होते.

आणि तिथे अक्का बसली होती.

अक्का शिंदखेड्याकडची. आधी बावीस वर्षं नर्स, मग चॅप्लिन, मग आमच्यासारख्यांना चॅप्लिन करणारी. लग्न केलं नव्हतं. पांढरी साडी, नालेच्या चपला, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत गूळ-शेंगदाणे, पेन्सिल आणि लाकडी फूटपट्टी. बायबल नाही. ते खोलीत, टेबलावर. आम्हांलाही पहिला महिनाभर वॉर्डात बायबल न्यायला बंदी.

"मग न्यायचं काय?" मी विचारलं.

"स्टूल."

प्रत्येकाला एक बुटकं लाकडी स्टूल मिळालं, जेमतेम वीतभर उंच. त्यावर बसलं की आपलं डोकं खाटेवर बसलेल्या माणसाच्या डोक्याखाली येतं. बसण्याआधी विचारायचं, "बसू का?" तो "नको" म्हणाला तर स्टूल उचलून चालू लागायचं.

"डॉक्टरला नको म्हणता येत नाही," अक्का सांगायची. "नर्सला येत नाही. सुईला तर नाहीच. नातेवाइकांना म्हटलं तर ते रुसतात. सबंध दवाखान्यात ज्याला बिनधास्त 'नको' म्हणता येईल असं एक माणूस लागतं. ते आपण. पहिलं काम तेच."

याच कामासाठी मी ग्रीक भाषेच्या धातूंची रूपं पाठ केली होती!

फूटपट्टीची गंमत वेगळीच. रोज एका रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं वहीत उतरवायचं. पानावर मध्ये उभी रेघ. डावीकडे तो काय म्हणाला, उजवीकडे मी काय म्हणाले. दुपारी अक्का वही पुढे ओढायची, चष्मा कपाळावर सारायची आणि दोन्ही बाजूंची लांबी फूटपट्टीनं मोजायची. वाचायची नंतर.

"त्याचं अडीच इंच. तुझं अकरा. आजारी कोण होतं?"

आमच्यात एक तरुण पाळक होते, त्यांचं प्रमाण दोन आठवड्यांत बरोबरीला आलं. माझी बाजू मात्र कायम आठ इंचांच्या वर. शिंदखेड्याच्या एका म्हातारीशी मी पाऊण तास बोलले, दुःख, आशा, धीर, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी विचारलं, "आजी, तुम्हांला काही सांगायचंय?" ती म्हणाली, "बठ्ठं तूच बोली टाकं, माय. आते मी काय सांगू?" बठ्ठं म्हणजे सगळं. हेही मी प्रामाणिकपणे डाव्या बाजूला लिहिलं. अक्कानं त्या एका ओळीला पट्टी लावली आणि म्हणाली, "या पानावर एवढंच कामाचं शे." रागावली की तिच्या बोलण्यात 'आहे'चं 'शे' व्हायचं. माझ्या वाट्याला ते फार आलं.

पण ती नुसती गप्प बसवणारी बाई होती असं समजू नका. वॉर्डात एक पिंजारी चाचा होते, गाद्या-रजया भरणारे. पाय सुजलेले, उठता येत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, पश्चिम कुठल्या अंगाला?" मी दिशा दाखवली आणि लगेच, सर्व दिशा प्रभूच्याच आहेत, असं सुंदर वाक्य सुरू केलं. अक्कानं मला कोपरानं बाजूला सारलं आणि खाटेचा लोखंडी दांडा धरला. "तिकडून उचल." आम्ही दोघींनी चाचांची खाट, सलाइनच्या स्टँडसकट, फिरवली. वॉर्डच्या सिस्टर ओरडत आल्या, "अक्का, काय चाललंय? खाटांची रांग बिघडली!" अक्का म्हणाली, "रांग तुमची. तोंड त्यांचं." चाचांनी पडल्यापडल्या हात बांधले. मी माझं वाक्य गिळलं. तसं चवीला बरं नव्हतं.

पहिल्या संधीत मी नापास. दुसऱ्या संधीत नापास. कारण एकच, पेन्सिलीनं लिहिलेलं: "स्वतःलाच भेटून आली." मुलाला फोन करून सांगितलं, "निकाल लांबलाय." नर्सेसच्या वसतिगृहातल्या खोलीत बसून ठरवलं, की तिसऱ्यांदा काही झालं तरी पास व्हायचंच. काही झालं तरी! इथेच माझा पाय घसरला.

पुरुषांच्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर असोद्याचा एक माणूस आला होता. तिशीतला, केळीच्या गाड्या भरणारा. शिंदखेड्याला लग्नाला मोटरसायकलवरून जाताना धुळ्याजवळ ट्रकनं उडवलं. मी गेले तेव्हा दुपारची वेळ. माशांमुळे त्यानं तोंडावरून चादर ओढली होती, भिंतीकडे वळून पडला होता. मी "बसू का?" विचारलं. आतून "हं" असं काहीतरी आलं. मला तेवढं पुष्कळ होतं. बसले, बोलले, प्रार्थना केली, उठले. त्याचे तीन वेळा "हं".

खोलीत आल्यावर वही उघडली तर डावी बाजू कोरी. तीन 'हं' घेऊन अक्कापुढे जायचं? तिसरी संधी होती. मग मी, मराठीची बक्षीसपात्र शिक्षिका, लेखणी चालवली. डाव्या बाजूला लिहिलं: "बाई, तुमच्या शब्दांनी माझ्या खचलेल्या मनाला उभारी आली. आजवर कुणी माझ्या अंतःकरणाचा ठाव घेतला नव्हता." अशी दोन पानं. उजवीकडे स्वतःला अगदी मोजकं बोलायला लावलं.

अक्कानं पट्टी लावली. डावी बाजू नऊ इंच, उजवी चार. तिनं पहिल्यांदाच चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा बोलला?"

"हो."

"एवढं?"

"मोकळा झाला, अक्का."

"चल," ती म्हणाली.

टक-टक करत आम्ही चौदा नंबरपाशी आलो. अक्कानं विचारलं, "चादर काढू का, भाऊ?" त्यानं डाव्या हातानंच ती खाली केली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. वरचे आणि खालचे दात बारीक तारांनी एकमेकांना बांधलेले होते. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. चार दिवसांपासून तो नळीनं ताक आणि डाळीचं पाणी ओढत होता. अजून पाच आठवडे त्याच्या तोंडून एक शब्दही बाहेर पडणार नव्हता.

त्यानं माझ्याकडे बघून ओळख दाखवली. "हं," तो म्हणाला.

मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि मी खाली बाह्यरुग्ण विभागात पडावं.

वऱ्हांड्यात आल्यावर मी म्हटलं, "कॉलेजला कळवा, अक्का. मी सामान बांधते."

"कॉलेजला मी काय कळवू? मुक्या माणसाकडून अलंकारिक मराठी बोलवून घेतलं म्हणून?" तिनं पिशवीतून गुळाचा खडा काढला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "तिसरी संधी संपलेली नाही. उद्यापासून सात दिवस हीच खाट. दुसरी कुठली नाही."

"पण तो बोलू शकत नाही!"

"आणि तू गप्प बसू शकत नाहीस. दोघांपैकी एकाचंच दुखणं या सात दिवसांत बरं होण्यासारखं शे."

खोलीवर गेले. सामान बांधायला घेतलं आणि मग सोडून टाकलं. हट्ट म्हणा, लाज म्हणा. मला पदवी हवी होती, आणि त्याहून जास्त त्या बाईला हरवायचं होतं.

पहिल्या दिवशी विचारलं, "बसू का?" त्यानं डाव्या हातानं 'नको' केलं. स्टूल उचलून परतले. दुसऱ्या दिवशीही 'नको'. वहीत काय लिहायचं? डावीकडे: नको. उजवीकडे: बसू का? तिसऱ्या दिवशी त्यानं हात हलवला नाही. बसले. माझ्या जिभेला तेव्हा काय वाटलं ते तिचं तिलाच ठाऊक. पंख्याच्या पात्यांवरचे डाग मोजले. माशा हाकलल्या. नळीतलं ताक खाली सांडलं ते पुसलं. गप्प बसणाऱ्याला दिसतं फार, हे मला तेव्हा कळलं. एक्कावन्न वर्षांत त्याचा अनुभवच नव्हता.

चौथ्या दिवशी एक गोष्ट दिसली. वॉर्डाचं दार उघडलं की तो तिकडे बघायचा. त्याचे वडील यायचे, धोतर-टोपीतले, त्यांना सगळे आबा म्हणायचे. पण तो आबांकडे बघायचा नाही. आबांच्या मागे बघायचा. त्यांच्या पाठीमागून आणखी कुणी आत येतंय का ते. दार मिटलं की भिंतीकडे वळायचा. त्या दिवशी आबा तीनदा आले. तीनदा हेच.

पाचव्या दिवशी त्यानं उशाखालचं एक्स-रेचं पाकीट ओढलं आणि माझ्या पेनाकडे बोट केलं. डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं काढत, एकच शब्द लिहायला त्याला बराच वेळ लागला.

धाकल्या?

मी सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग सांगितलं. मोटरसायकलवर मागे धाकटा भाऊ होता. तो जागीच गेला. आबांनी सगळ्यांना बजावलं होतं, याला जबडा सुटेपर्यंत सांगायचं नाही. रडला तर तारांत श्वास कोंडेल ही भीती. मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "भीती आहे, पण म्हणून तर तार कापायचा कटर उशाशी टांगलेला असतो. आम्ही जवळ असू. तो रोज विचारतोय हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"त्यानंच," मी म्हटलं.

आबा खाली लिंबाच्या झाडापाशी उकिडवे बसले होते. मी स्टूल टेकवलं. "बसू का, आबा?"

"बसा."

"त्यानं विचारलंय. धाकल्या कुठे म्हणून."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माह्या तोंडून नही निघत, बाई," ते म्हणाले. "मी जातो त्याच्या पुढे, अन् तसाच माघारी येतो. तुमी सांगा ना. तुमाले बोलता येतं. तुमी शिकेल आहे."

जन्मभरात बोलण्यासाठी इतका आग्रह मला कुणी केला नव्हता. माझ्याकडे शब्द तयारही होते. मरणाविषयी माझी तीन प्रवचनं लिहून ठेवलेली होती, पैकी एक फार गाजलेलं. सांगून टाकलं असतं तर आबांचं ओझं गेलं असतं, आणि माझ्या वहीत दोन्ही बाजूंना भरपूर काही आलं असतं, तेही खरंखुरं.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही आत आलात की तो रोज तुमच्या मागे बघतो. मी सांगितलं तरी तो उद्या पुन्हा तुमच्या मागे बघेल."

आबा बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. मग उठले. "तुमी संगे या. पन बोलू नका."

"नाही बोलणार."

वर गेलो. डॉक्टर खिडकीपाशी उभे राहिले, सिस्टरांनी कटर हातात घेतला. मी माझं स्टूल आबांना दिलं आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. आबांनी लेकाचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यानं आबांच्या मागे बघितलं. आबा म्हणाले, "तो येत नही आता, भाऊ. आपन दोघंच."

बांधलेल्या दातांआडून जो आवाज आला तो मी आजही कुणाला करून दाखवू शकणार नाही, आणि दाखवणारही नाही. सिस्टर पुढे झाल्या, डॉक्टरांनी हातानं थांबवलं. श्वास चालू होता. कटर लागला नाही. माझे ओठ आपोआप प्रार्थनेला उघडले होते. मी खाटेचा दांडा इतका घट्ट धरला की तळहातावर त्याचा वळ उठला. बोलले नाही. थोड्या वेळानं त्यानं भिंतीकडे वळायच्या ऐवजी आबांकडे तोंड केलं.

उरलेले दोन दिवसही गेले, बसले, आले. आठव्या दिवशी अक्कानं वही मागितली. पाचव्या दिवसाच्या पानावर डावीकडे: धाकल्या? उजवीकडे: बसू का?

तिनं पट्टी लावली. "त्याचा एक शब्द. तुझे दोन. पट्टीनं तू आजही नापास."

तिनं पान मागेपुढे उलटून पाहिलं.

"बाकीचं का नाही लिहिलं? आबाचं?"

"ते माझ्याशी झालेलं बोलणं नव्हतं, अक्का."

तिनं फूटपट्टी पिशवीत टाकली. कॉलेजच्या फॉर्मवर शाईच्या पेनानं सही केली, वर 'उत्तीर्ण' लिहिलं. मग माझी वही ओढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि त्या पानाखाली लिहिलं: "पास. सध्यापुरती."

"पेन्सिलीनं का?"

"खोडता येते. तू बोदवडची शे."

मी जिंकले होते. तसं मला पारोळ्यापर्यंत वाटलं. जळगावची एस.टी. तिथे चहाला थांबली तेव्हा मी शेजारच्या बाईला सगळी हकिकत सांगायला तोंड उघडलं, आणि ती बाई डोळे पुसत होती. मग मी नुसतंच विचारलं, "चहा आणू का?"

त्यानंतर बारा वर्षं जळगावच्या एका दवाखान्यात चॅप्लिन म्हणून काम केलं, अजूनही आठवड्यातून दोनदा जाते. जळगावच्या मोच्याकडून चपलांना नाल ठोकून घेतली; तो म्हणाला, "आजी, शर्यतीत पळणार का?" आणि माझं ते 'उभारी आली' पान अक्कानं मला परत दिलंच नाही. दर वर्षी नव्या तुकडीला नाव न सांगता वाचून दाखवायची. एका कार्यक्रमात एक तरुण चॅप्लिन मला म्हणाला, "ताई, असाही एक नमुना धुळ्यात होऊन गेला म्हणे!" मी म्हटलं, "कशी असतात ना माणसं!"

मी वर्षातून एकदा नवी आणि ती जुनी अशा दोन वह्या घेऊन धुळ्याला जाते. अक्का आता पंचाऐंशीची आहे, भाचीकडे राहते. पेन्सिलीचा शेरा वर्षभरात पुसट होतो. ती नवी वही मोजते, आणि पटलं तर जुना शेरा पुन्हा गिरवून देते. दोन वर्षं पटलं नव्हतं, तेव्हा गिरवला नव्हता.

यंदा गेले तेव्हा भाचीनं दारातच हळू आवाजात सांगितलं, अक्का फार थकल्यात, डोळ्यांनी दिसत नाही. मी स्टूल घेऊन टक-टक करत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पलंगावर अक्का जागी होती, मी बघितलं. माझ्या चपलांचा आवाज ऐकला आणि तिनं डोळे मिटून घेतले!

"बसू का, अक्का?"

"नको," डोळे मिटूनच.

बाहेर आले. भाचीनं चहा केला, तो प्यायले. पुन्हा गेले. "बसू का?"

"नको म्हटलं ना."

स्टूल उचललं. पोहे खाल्ले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं चाचपडत पलंगाशेजारची जागा दाखवली. बसले. मग तिनं हात पुढे केला, मी नवी वही दिली. दिसत नाही, तरी तिनं पट्टी मागितली. खाचांवरून अंगठा फिरवत पानाची लांबी घेतली, एकेक ओळ मला वाचायला लावली. डावी बाजू, उजवी बाजू.

"बरं शे," ती म्हणाली.

मी पिशवीतून शाईचं पेन काढून तिच्या बोटांत ठेवलं. तिनं ते चाचपलं, टोपण काढलं, निबाचा वास घेतला, टोपण लावलं आणि परत दिलं.

"पेन्सिल दे."

मी जुनी वही धरली. जुन्या अक्षरांवरून पेन्सिल जाईना, शेजारी नवीच ओळ उमटली, वाकडीतिकडी: "पास. सध्यापुरती."

"शाई कधी, अक्का?"

"पुढच्या वर्षी ये, बघू."

जाणार आहे. तिलाही सांगून आले आहे, की शाईनं सही केल्याशिवाय तुम्हांला कुठेही जाता येणार नाही. त्यावर तिनं डोळे मिटून घेतले. सोंग होतं ते. मी ओळखते.